वजनाच्या आत

शरीराचे वजन ही एक बेरीज असते. हाडे, स्नायू, चरबी, रक्त-पाणी आणि आतले अवयव या सगळ्यांचे ओझे एकत्र होऊन काट्यावर एकच आकडा उमटतो. त्यात कोणाचा वाटा किती, हे काटा सांगत नाही. तरुणपणी त्यावाचून काही अडत नाही. चाळिशी उलटली की मात्र बेरीज तीच राहून आतले आकडे हलू लागतात. मांडीचे मांस थोडे उतरते, पोटाच्या आत चरबी साठते, हाडातला चुना हळूहळू निघून जातो. एखाद्या बाईचे वजन पंचविसाव्या वर्षी ४५ किलो होते आणि साठाव्या वर्षीही ४५ किलोच भरले, तर घरात कौतुक होते. पण पंचविशीतले ४५ किलो आणि साठीतले ४५ किलो एकसारखे नसतात. शरीरघटकांची तपासणी, म्हणजे बॉडी कॉम्पोझिशन स्कॅन, ही बेरीज पुन्हा फोडून दाखवते: हाड किती, मांस किती, चरबी किती आणि ती नेमकी कुठे.

बीड जिल्ह्याच्या बालाघाटी पट्ट्यात, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केजकडच्या गावांत, म्हाताऱ्या माणसाची तारीफ करायची तर ‘काटक’ हा शब्द येतो. अंगावर चरबी नाही, चालणे ताठ, डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चढ चढणारी आजी ही काटक. हा शब्द पुष्कळांच्या बाबतीत खरा असतो. पण त्याच शब्दाच्या आडोशाला अशीही शरीरे उभी असतात की जी बारीक आहेत आणि आतून रिकामी होत चालली आहेत. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. काट्यावरही दोन्ही सारखीच भरतात. एक पाय घसरेपर्यंत फरक कळत नाही, आणि कळतो तेव्हा खुब्याचे हाड मोडलेले असते.

वजनाच्या आत डोकावण्याची धडपड जुनी आहे. बेल्जियमचा गणिती केतले याने १८३० च्या दशकात वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत मांडली. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी तिला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले आणि बीएमआय जगभरच्या दवाखान्यांत पोचला. पण तोही वजनाचाच आकडा, उंचीने बेतलेला. मांस आणि चरबी वेगळी काढण्याचा पहिला पक्का प्रयत्न अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये मांडला. माणसाला पाण्याखाली बसवून त्याचे वजन करायचे. चरबी पाण्यापेक्षा हलकी, मांस आणि हाड जड, त्यामुळे पाण्याखालच्या वजनावरून चरबीचा अंदाज बांधता येतो. सैन्यभरतीच्या तक्त्याने जादा वजनाचे ठरवलेले फुटबॉलपटू मुळात मांसाने भरलेले आहेत, हे त्यातून दिसले. श्वास सोडून पाण्यात बुडी मारायला सत्तरीची आजी तयार होणार नाही, म्हणून ही रीत प्रयोगशाळेतच राहिली.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेक्सा यंत्र बाजारात आले आणि चित्र बदलले. या यंत्रात क्ष-किरण दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे सोडतात. हाड, मांस आणि चरबी हे दोन्ही किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, आणि त्या फरकावरून शरीराच्या प्रत्येक भागात कोणता घटक किती आहे याचा हिशेब निघतो. माणूस पलंगासारख्या फळीवर उताणा पडतो, वरून एक दांडा सरकत जातो, आणि पूर्ण शरीराचे मापन साधारण दहा मिनिटांत संपते. बोगद्यात शिरावे लागत नाही, सुई टोचत नाही. किरणांचा डोस फार थोडा असतो, माती, हवा आणि आकाशातून माणसाला एक-दोन दिवसांत सहज मिळतो तेवढाच. हाडे ठिसूळ झाली का हे पाहण्यासाठी डॉक्टर ‘बीएमडी’ लिहून देतात, ती तपासणी याच यंत्रावर होते. फक्त तिथे कंबर आणि खुबा एवढेच पाहतात. तेच यंत्र पूर्ण शरीरावरून फिरवले की चरबी आणि मांसाचाही पाढा मिळतो, ही गोष्ट पुष्कळ रुग्णांना सांगितलीच जात नाही.

दुसरी रीत विजेची. पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेला काटा, हातात दोन मुठी; त्यांतून जाणवणारही नाही इतका हलका विद्युतप्रवाह शरीरातून जातो. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते, त्यातून वीज सहज वाहते. चरबी तिला अडवते. किती अडथळा झाला यावरून यंत्र मांस आणि चरबीचा अंदाज काढते. जिममध्ये वजन करताना चिठ्ठी छापून येते ती याच यंत्राची. स्वस्त, झटपट आणि उचलून नेता येणारे हे यंत्र आहे. पण ते मोजते पाणी, आणि मांस सांगते ते सूत्राच्या आधाराने. हा फरक पुढे बीडच्या उन्हाळ्यात महत्त्वाचा ठरतो.

भारतीय माणसाच्या वजनाआड काय दडलेले असते, याचा सगळ्यांत बोलका पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्साने मोजले तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयच्या नजरेत ही दोन माणसे जुळी होती. याज्ञिकांनी स्वतःचेच शरीर पुराव्याला उभे केले, आणि एका फोटोने जे काम केले ते शंभर तक्त्यांनी झाले नसते.

त्यामागे पुण्याजवळच्या सहा गावांतला दीर्घ अभ्यास होता. १९९० च्या दशकात तिथल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची बारकाईने मोजमापे घेतली गेली. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे सगळ्याच बाबतींत लहान असतील असे वाटावे. पण पोटातले अवयव आणि मांस बरेच कमी असताना पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बहुतांशी टिकून होती. बारीक आणि तरी चरबीदार असे हे बाळ. म्हणजे मांसाची उणीव म्हातारपणी सुरू होत नाही, काहींच्या बाबतीत ती जन्माबरोबरच येते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, त्यातल्या काही पोटुशी असताना. त्या वर्षांत जन्मलेली मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. आयुष्यभर त्यांच्या मांसाची शिल्लक किती राहिली हे कोणी मोजलेले नाही, आणि त्यांच्या म्हातारपणाचा विचार करताना तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मांस झडण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले तेच मुळी १९८९ मध्ये. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हा शब्द घडवला. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ताकद मांसापेक्षा कितीतरी जलद उतरते. म्हणून आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांत मांस आणि ताकद दोन्ही पाहतात. मुठीचा जोर पुरुषात २८ किलोपेक्षा आणि बाईत १८ किलोपेक्षा कमी भरला तर ताकद कमी. डेक्सावर दोन्ही हात आणि दोन्ही पायांचे मांस किलोत घेऊन उंचीच्या वर्गाने भागले आणि पुरुषात ७.० पेक्षा, बाईत ५.४ पेक्षा कमी आले तर मांस कमी. धडाचे मांस यात धरत नाहीत, कारण तिथे काळीज, यकृत, आतडी यांचाही भार त्यातच मिसळतो. उठणे, बसणे, उचलणे, तोल सावरणे हे हातापायांचे काम, म्हणून हिशेबही त्यांचाच.

आता बीड. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, आणि ३०-४० किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. गाडी रात्री कधी येईल त्याचा नेम नाही. कोपीवर परतल्यावर पाणी, सरपण, भाकरी बाईकडेच. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस किलोपर्यंत मोजला जातो, कारण मजुरी टनावर ठरते. तो ऊस तोडणाऱ्या शरीरातून हंगामात किती मांस गेले, ते मात्र कुठल्याही काट्यावर येत नाही.

या कामाच्या रेट्यात पाळी हा अडथळा होतो. फडात संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. दवाखान्यात गेले की ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि पिशवी काढली की कटकट मिटेल या आशेवर उचल घेऊन ऑपरेशन होते. २०१९ मध्ये हा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. शंभरात जवळपास १७. त्याच्या काही वर्षे आधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. बीडमधल्या पुष्कळ जणी ऑपरेशनच्या वेळी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

या आकड्यांची चर्चा झाली ती बहुतेक शस्त्रक्रियेच्या नैतिकतेवर, दवाखान्यांच्या नफ्यावर, मुकादमाच्या दडपणावर. ती व्हायलाच हवी होती. पण त्या १३,८६१ शरीरांचे पुढे काय होते, हा प्रश्न मागे पडला, आणि शरीरघटकांच्या तपासणीची खरी जागा तिथेच आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात जवळपास संपते. भारतीय बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी आपोआप थांबते. जिचे बीजकोष पस्तिशीत गेले, तिच्या हाडांची राखण करणारे हे संप्रेरक दहा-बारा वर्षे आधीच निघून जाते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगवान असते, आणि ही वर्षे तिच्या आयुष्यात येतात तेव्हा ती मोळ्या वाहत असते. बीजकोष ठेवले असले तरी ते काही वर्षे लवकर थकतात. त्याच सुमारास चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकू लागते आणि मांस उतरते. पन्नाशीची बाई तपासणाऱ्याला काटक दिसते. तिची हाडे मात्र वयाच्या पुढे गेलेली असतात. ऑपरेशनच्या कागदावर बीजकोष ठेवले की काढले हे लिहिलेले असेल तर तो कागद जपून ठेवण्यासारखा आहे. पुष्कळ जणींकडे असा कागदच नसतो, आणि मग वय, गरम वाफा येण्याची सुरुवात आणि डेक्सा यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

कष्टाने हाडे मजबूत होतात, मग आयुष्यभर ओझे वाहणाऱ्या बाईची हाडे ठिसूळ कशी, असे कोणी विचारील. ओझ्याने हाडाला बळ मिळते हे खरे. पण त्या ओझ्याच्या मागे पुरेसे अन्न, झोप आणि संप्रेरके असावी लागतात. हंगामात खर्च होते त्या मानाने पोटात पडत नाही, तेव्हा शरीर मांसच जाळते. कष्ट आणि व्यायाम यांतला फरक एवढाच की व्यायामानंतर शरीराला भरून यायला वेळ दिलेला असतो.

तपासणीला जाताना काय करावे, याला या जिल्ह्यात काही खास तपशील आहेत. डेक्सासाठी अंगावरचा धातू उतरवावा लागतो: पाटल्या, जोडवी, मंगळसूत्र, कंबरेची चांदीची साखळी. धातूची सावली हाडासारखी पडते आणि आकडा फुगतो. वयस्क बाया मंगळसूत्र काढायला बिचकतात, आणि जोडवी पंचवीस वर्षांत बोटात रुतलेली असतात. हे आधी घरी सांगितले, सोबत लेक किंवा सून आली, तर आयत्या वेळी अवघडलेपण होत नाही. तपासणाऱ्याने कारण न सांगता ‘हे काढा’ एवढेच म्हणणे हा त्या बाईचा अपमान असतो. गोंदण मात्र आड येत नाही. विजेच्या यंत्राची अडचण निराळी. अनवाणी चालून टाचांना भेगा पडलेल्या, तळवे दगडासारखे झालेले असतात. अशा कातडीतून प्रवाह नीट शिरत नाही, म्हणून पाय धुऊन ओल्या फडक्याने पुसून मग उभे राहावे. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हातून आलेल्या माणसाच्या अंगातले पाणी कमी झालेले असते, आणि यंत्र त्याला चरबी समजते. पायावर सूज असेल तर उलट, पाण्यालाच मांस समजते. सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, दरवेळी त्याच यंत्रावर मोजले तरच दोन मोजण्यांची तुलना होते. पेसमेकर बसवलेल्यांनी हे यंत्र वापरू नये.

चिठ्ठी हातात आल्यावर काय वाचायचे? समजा दोन बाया आहेत, दोघींची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ४५ किलो. बीएमआय बरोबर २०. कुठलाही तक्ता दोघींना उत्तम म्हणेल. पहिलीच्या शरीरात चरबी ११ किलो आणि हातापायांचे मांस १३.५ किलो. उंचीचा वर्ग २.२५, त्याने भागले की ६.० येतात, ठीक आहे. दुसरीच्या शरीरात चरबी १७ किलो आणि हातापायांचे मांस १०.८ किलो. भागाकार ४.८. ही बाई मांसाच्या रेषेखाली आहे, आणि तिच्या वजनातला प्रत्येक तिसरा किलो, किंबहुना थोडा जास्तच, चरबीचा आहे. काट्याने जे झाकले ते इथे उघड होते. तिला ‘वजन कमी करा’ म्हणणे घातक ठरेल. जेवण तोडून चार किलो उतरवले तर त्यात मांसही जाईल, आणि वजन परत आले तर बहुधा चरबीच्या रूपाने येईल. साखरेच्या आजारासाठी सरसकट दिला जाणारा हा सल्ला म्हाताऱ्या, बारीक माणसाला देण्याआधी निदान एकदा आत पाहायला हवे.

हाडाचा आकडा टी-स्कोअर म्हणून येतो. तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत किती खाली, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवल्याप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली गेले तर हाडे ठिसूळ झाली असे धरतात. इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. भारतीय बायांची हाडे मुळातच लहान असतात, आणि डेक्सा घनतेचा अंदाज सपाट सावलीवरून घेते, म्हणून लहान हाड थोडे जास्तच विरळ दिसते. उलट म्हातारपणी पाठीच्या मणक्यांना फुटलेली हाडे आणि दबलेले मणके यांमुळे कंबरेचा आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर भरवसा ठेवावा. विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते तिथे हाड यंत्राला घट्ट दिसते आणि तरी सहज मोडते.

मांस कमी आढळले तर उपाय दोन, आणि दोन्ही औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. पहिला जेवणातला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. ४५ किलोच्या आजीला म्हणजे दिवसाला ४५ ते ५४ ग्रॅम. ज्वारीच्या दोन भाकरींत साधारण ११ ग्रॅम मिळतात, तुरीच्या वाटीभर घट्ट वरणात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७, पेलाभर दुधात ६-७. एवढ्याने जेमतेम ३२ होतात. माळकरी नसेल तर दोन अंडी १२ ग्रॅमची भर घालतात. माळकरी असेल तर मटकीची उसळ, हरभऱ्याच्या पिठाचे घट्ट पिठले आणि दुधाचा दुसरा पेला. दात गेलेली माणसे भाकरी चुरून आमटीत भिजवतात आणि आमटी पातळच असते, त्यामुळे पोट भरते पण प्रथिने येत नाहीत. घरातली घट्ट डाळ आधी कर्त्याच्या आणि नातवाच्या ताटात जाते, हेही तितकेच खरे. आजीच्या ताटात वरणाचा तळ वाढला गेला, तर स्कॅनचा आकडा हलू लागण्याची शक्यता वाढते.

दुसरा उपाय ताकदीच्या व्यायामाचा. ‘आयुष्यभर कामच केले, आता व्यायाम कशाला’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की स्नायू वाढतो तो हळूहळू वाढत जाणाऱ्या भाराने. रोजच्या त्याच कामाला तो सरावलेला असतो. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धनिवासात डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एक जण मध्येच थांबला. उरलेल्यांच्या पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मध्यावरचे मांस स्कॅनवर मोजले तर ते वाढले ९ टक्के. या दोन आकड्यांतले अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्कॅनमध्ये फरक थोडा दिसला, चालण्या-उठण्यात फार मोठा. म्हणून दुसऱ्या स्कॅनचा आकडा फारसा हलला नाही म्हणून कोणी व्यायाम सोडू नये. खुर्चीवरून हात न टेकता उठता येऊ लागले असेल तर शरीर सुधारले आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून दहा वेळा उठबस, पाच लिटरचा पाण्याचा डबा दोन्ही हातांनी उचलून ठेवणे, ओट्याची पायरी चढउतार, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर पंधरवड्याला थोडा भार जास्त. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात.

प्रत्येक म्हाताऱ्याला स्कॅन हवाच असे नाही. खर्च, अंतर आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी यांचा विचार करता ते शक्यही नाही. शिंप्याच्या टेपने पोटरीचा घेर मोजता येतो. पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरखाली असेल तर पुढे पाहावे. बीडच्या बारीक बांध्याच्या बाया या टेपवर मोठ्या संख्येने खाली येतील, म्हणून लगोलग मुठीचा जोर आणि खुर्चीची परीक्षा घ्यावी: हात न टेकता पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२,००० माणसांची पाहणी केली, तेव्हा मुठीचा जोर घरोघरी जाऊन मोजला गेला. ते यंत्र पिशवीत मावते. आशाताई आणि उपकेंद्राची परिचारिका यांच्या हाती ते येऊ शकते. या गाळणीत जे अडकतील, आणि ज्यांची पिशवी पंचेचाळिशीच्या आत काढली गेली, त्यांनाच डेक्साकडे पाठवावे.

जिल्ह्यात या कामाला हात घालू शकतील अशा जागा आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच लोखंडी सावरगावला स्त्री रुग्णालय आणि वृद्धत्वाच्या आरोग्याचे केंद्र अशा दोन्ही संस्था उभ्या राहिल्या. लवकर पिशवी काढलेल्या बाईचे म्हातारपण हा प्रश्न नेमका या दोन्ही दारांच्या मधला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना काठी, वॉकर, कंबरपट्टा, गुडघ्याची पट्टी अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये मिळतात. त्या वस्तू लागतातच. पण त्या लागतात ताकद गेल्यानंतर. मोजणी ही त्याआधी पंधरा-वीस वर्षांची गोष्ट आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी मोजणीचे वेळापत्रक कामाच्या हंगामानेच ठरवून दिले आहे. टोळ्या निघण्याआधी, पावसाळा संपता संपता, माणसे गावात असतात, अंगात पाणी असते, हाताला थोडी विश्रांती मिळालेली असते. तेव्हा पहिली नोंद घ्यावी: वजन, पोटरीचा घेर, मुठीचा जोर, आणि यंत्र जवळ असेल तर विजेच्या काट्यावरचे मांस. दुसरी नोंद परतल्यावर, पाडव्यानंतर, पण उतरल्या दिवशी नाही. प्रवासाचा शिणवटा आणि उन्हाने आटलेले पाणी भरून यायला आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत, नाहीतर यंत्र पाण्याची कमतरता मांसाच्या नावावर लिहील. डेक्सावरचे हाड वर्ष-दोन वर्षांच्या आत पुन्हा मोजून उपयोग नसतो, तेवढ्यात होणारा बदल यंत्राच्या चुकीपेक्षा लहान असतो. दोन्ही नोंदी एकाच कार्डावर, एकाखाली एक लिहाव्यात, आणि ते कार्ड बाईकडे राहावे. हंगामात ती सांगलीत असेल, कोल्हापुरात असेल किंवा बेळगावकडे, तिथल्या दवाखान्यात तिला दाखवता येईल असे.